एक ट्रॉली, चाळीस मिनिटं

दसऱ्याच्या आठवडाभर आधी बऱ्याच घरांत एक घोषणा होते. "या वेळी सगळं घर आवरायचं. माळ्यासकट." घोषणा करणारी व्यक्ती बहुधा एकच असते, बाकीचे माना डोलावतात. रविवारी सकाळी माळ्यावरून सहा खोकी खाली येतात. दुपारी हॉलमध्ये जेवायला बसायला जागा उरत नाही. संध्याकाळी कुणाची तरी सातवीतली वही सापडते आणि वाचन सुरू होतं. रात्री नऊला पाच खोकी जशी आली तशी परत वर जातात, सहावं दाराआड राहतं. दिवाळीला पाहुणे येणार म्हटल्यावर ते बेडरूममध्ये सरकतं.

आळशीपणाचा इथे प्रश्नच नाही, दिवसभर घाम गाळलेला असतो. चुकतो तो अंदाज, आणि तो असा का चुकतो हे मानसशास्त्रज्ञांनी चांगलं तपासून ठेवलं आहे. डॅनियल कानेमान आणि अमोस ट्वर्स्की यांनी १९७९ साली या चुकीला 'प्लॅनिंग फॅलसी' असं नाव दिलं. कामाला किती वेळ लागेल हे ठरवताना माणूस सगळं सुरळीत पार पडेल असं धरून चालतो. मागच्या वेळी काय झालं होतं ते हिशेबात घेतच नाही. १९९४मध्ये रॉजर ब्यूलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅनडातल्या प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं, तुमचं लिखाण किती दिवसांत संपेल? सरासरी उत्तर आलं सुमारे ३४ दिवस. आणि सगळंच बिनसलं तर? सुमारे ४९ दिवस. प्रत्यक्षात सरासरी ५५ दिवस लागले. म्हणजे वाईटात वाईट काय होईल याचा अंदाजसुद्धा कमी पडला.

कानेमान यांची स्वतःची गोष्ट याहून बोलकी आहे. इस्राएलमध्ये ते शाळांसाठी एक पाठ्यपुस्तक तयार करणाऱ्या गटात होते. काम कधी संपेल हे प्रत्येकाने कागदावर लिहावं असं ठरलं. सगळ्यांचे आकडे दीड ते अडीच वर्षांच्या मध्ये आले. मग कानेमान यांनी गटातल्या अभ्यासक्रमतज्ज्ञाला विचारलं, असं काम हाती घेतलेल्या इतर गटांना किती वेळ लागला? तज्ज्ञ जरा घुटमळले आणि म्हणाले, सुमारे चाळीस टक्के गटांनी काम अर्धवट सोडलं, उरलेल्यांना सात ते दहा वर्षं लागली. याच गृहस्थांनी थोड्याच वेळापूर्वी कागदावर अडीच वर्षांच्या आतलाच आकडा लिहिला होता. माहिती डोक्यात होती, ती अंदाजापर्यंत पोचली नव्हती. पुस्तकाला शेवटी आठ वर्षं लागली.

घराच्या बाबतीतही "किती वेळ लागेल?" हा प्रश्न सोडून द्यावा आणि "मागच्या वेळी किती लागला?" असं विचारावं. मागची नोंद कुणीच ठेवलेली नसते, म्हणून आधी एक छोटा नमुना मोजायचा.

स्वयंपाकघरात ओट्याखालची वरून दुसरी ट्रॉली घ्या. घड्याळ बघून सुरुवात करा. आतलं सगळं ओट्यावर काढा; कोपऱ्यातलंही. साधारण जे निघतं ते असं: तीन किसण्या, त्यातली एक बोथट. कुकरची जुनी रिंग, नवी रिंग आणि कोणत्या कुकरची ते कुणालाच सांगता येणार नाही अशी तिसरी रिंग. सोऱ्या आणि त्याच्या सहा-सात चकत्या, त्यातल्या शेवेच्या आणि चकलीच्याच वापरातल्या. झाकण नसलेले दोन डबे, डबा नसलेली चार झाकणं. पापड भाजायचा चिमटा. न पेटणारा लायटर. मिक्सरचं वॉरंटी कार्ड, आणि तो मिक्सर घरात नाही. रबरबँडचा गोळा. तळाला सांडलेली मोहरी आणि चिकट झालेला कागद.

आता चार ढीग करायचे. इथेच राहणाऱ्या वस्तू, घरातच पण दुसरीकडे जाणाऱ्या वस्तू, घराबाहेर जाणाऱ्या वस्तू, आणि ज्यांच्याबद्दल कुणाला तरी विचारावं लागेल अशा वस्तू. ट्रॉली पुसून कोरडी करायची, नवा कागद घालायचा, पहिला ढीग परत लावायचा. आणि घड्याळ बघायचं.

बहुतेक घरांत एवढ्याला अर्धा तास ते पाऊण तास जातो. आपण चाळीस मिनिटं धरू. या चाळीस मिनिटांत पुसण्या-लावण्याला दहा मिनिटंही लागत नाहीत. बाकीचा वेळ हातातली वस्तू बघत उभं राहण्यात जातो. तिसरी रिंग ठेवायची की टाकायची? चकत्या कुणी वापरणार आहे का? घर आवरणं म्हणजे झाडणं-पुसणं असं समजून आपण वेळाचा अंदाज बांधतो, पण त्यातलं मोठं काम निर्णय घेण्याचं असतं. एका खोक्यात दोनशे वस्तू असतील तर त्यात दोनशे निर्णय आहेत. सहा खोकी म्हणजे बाराशे. एका रविवारात बाराशे निर्णय कुणाकडूनही होत नाहीत. म्हणून रात्री नऊला खोकी तशीच वर जातात.

हे निर्णय इतके जड का जातात? एक कारण म्हणजे वस्तू आपली झाली की आपल्या लेखी तिची किंमत वाढते. कानेमान, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांनी १९९०मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात निम्म्या विद्यार्थ्यांना एकेक साधा कॉफीचा मग दिला. मग मिळालेल्यांनी तो विकायला सांगितलेली किंमत, न मिळालेल्यांनी द्यायची तयारी दाखवलेल्या किमतीच्या साधारण दुप्पट होती. मग हातात पडून काही मिनिटंच झाली होती. रुखवतात आलेला काचेचा सेट पंधरा वर्षं शोकेसमध्ये असेल तर त्याचं काय होत असेल ते बघा.

दुसरं कारण आपल्याकडचं खास आहे आणि ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही. ज्या पिढीने गॅसच्या जोडणीसाठी, टेलिफोनसाठी, स्कूटरसाठी वर्षानुवर्षं नंबर लावले, तिला "उपयोगी पडेल, ठेव" हे अनुभवाने शिकवलं होतं. तेव्हा वस्तू पुन्हा मिळायची खात्री नव्हती. म्हणून सासूबाई श्रीखंडाचा रिकामा डबा टाकत नाहीत तेव्हा त्यांच्या वागण्याला कारण आहे. फक्त ती टंचाई आता संपली आहे आणि डबे मात्र येतच राहिले आहेत.

मारी कोंडो या जपानी लेखिकेने सांगितलेली कसोटी जगभर गाजली: वस्तू हातात घ्या, तिने मनाला आनंद होतो का बघा, होत नसेल तर निरोप द्या. साड्या-शर्टांना ही कसोटी काही प्रमाणात चालते. कुकरच्या रिंगने कुणाला आनंद होतो असं वाटत नाही, आणि ती नसेल तर वरणही होत नाही. रोजच्या घरासाठी मला दुसरा प्रश्न जास्त कामाचा वाटतो: ही वस्तू टाकली आणि उद्या लागली, तर ती किती वेळात, किती पैशांत, किती अंतरावर मिळेल? कोपऱ्यावरच्या दुकानात पन्नास रुपयांत मिळणारी गोष्ट साठवायचं कारण नाही. आजीच्या हातची गोधडी कुठेच मिळणार नाही, ती ठेवा. या दोन टोकांच्या मधल्या बहुतेक वस्तूंचा निकाल या प्रश्नाने पाच-दहा सेकंदांत लागतो.

आता घराचा हिशेब मांडू. उदाहरणादाखल दोन खोल्या-स्वयंपाकघर असं चौघांचं घर घेऊ. स्वयंपाकघरात ट्रॉल्या आणि फळ्या मिळून बारा कप्पे. प्रत्येकी चाळीस मिनिटं धरली तर आठ तास. कपड्यांच्या कपाटाचे दहा खण, प्रत्येकी अर्धा तास, पाच तास. दोन दिवाण, आत रजया आणि आणखी काय काय, चार तास. माळ्यावरची आठ खोकी, प्रत्येकी एक तास, आठ तास. कागदपत्रं आणि फायली, जिथे प्रत्येक कागद वाचावा लागतो, पाच तास. बेरीज तीस तास.

मग हातात वेळ किती ते बघायचं. समजा अनंत चतुर्दशीनंतर सुरुवात केली. धनत्रयोदशीपर्यंत साधारण सहा आठवडे मिळतात. शनिवार-रविवार मिळून दोन तास काढले तर बारा तास होतात. त्यातला एक आठवडा ताप, पाहुणे किंवा मुलांची परीक्षा खाणार हे धरूनच चालावं. उरले दहा. काम तीस तासांचं आणि वेळ दहा तासांचा. दसऱ्याची घोषणा फसते ती याच बेरीज-वजाबाकीत. फक्त ती कागदावर कुणी मांडत नाही.

मांडली की तीन रस्ते दिसतात. आषाढ लागतानाच सुरुवात करायची. नाहीतर घरातल्या आणखी दोघांना कामाला लावायचं; पण त्यांनाही निर्णय घ्यायची मुभा हवी, नुसती खोकी उचलायला माणसं जोडून वेळ वाचत नाही. किंवा दहा तासांत बसेल तेवढंच ध्येय ठेवायचं: या दिवाळीला स्वयंपाकघर, औषधांचा डबा आणि कागदांची एक फाइल. कपाट जानेवारीत, दिवाण आणि माळा उन्हाळ्याच्या सुट्टीत. बहुतेकांना तिसरा रस्ता कमीपणाचा वाटतो. माझ्या मते तोच धरावा. स्वयंपाकघर पूर्ण झालेलं घर दिवाळीला जास्त सुखाचं असतं. पाच ठिकाणी अर्धवट उपसलेलं घर सगळ्यांच्या पायात येतं.

जाता जाता एक सोय सांगते. या सहा आठवड्यांतले पहिले दोन पितृपंधरवड्याचे. त्या काळात बरीच घरं नवी खरेदी टाळतात. वस्तू घरात येणं आपोआप थांबलेलं असताना बाहेर काढण्याचं काम करावं, यासारखी उत्तम वेळ वर्षात दुसरी नाही.

ध्येय किती मोठं हे ठरलं की ते कसं लिहायचं हा प्रश्न येतो. "वेळ मिळेल तसं आवरीन" या वाक्यात काम आहे, वेळ नाही. पीटर गोल्विट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने यावर बरंच काम केलं आहे. त्यांच्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना नाताळच्या सुट्टीत एक छोटा अहवाल लिहून पाठवायचा होता. ज्यांनी तो कधी आणि कुठे बसून लिहायचा हे आधी ठरवून लिहून दिलं, त्यांच्यापैकी साधारण तीन चतुर्थांश जणांनी तो वेळेत पाठवला. ज्यांना असं ठरवायला सांगितलं नव्हतं, त्यांच्यापैकी साधारण एक तृतीयांश जणांनी. म्हणून वाक्य असं करा: "शनिवारी दुपारचा चहा झाला की मी ओट्याखालची तिसरी ट्रॉली उपसेन." चहा होणारच आहे. तो झाला की काम आठवतं, मुहूर्त शोधावा लागत नाही. सकाळी फिरायला जायचं असो, संस्कृत शिकायचं असो की महिन्याला थोडे पैसे बाजूला टाकायचे असोत, कोणत्याही संकल्पाला हेच दोन टप्पे लागू पडतात. आधी एक नमुना मोजून वेळाची बेरीज, मग रोजच्या कुठल्यातरी ठरलेल्या गोष्टीला बांधलेलं एक वाक्य.

आवराआवरीची योजना अनेकदा शेवटच्या दहा पावलांत अडकते. निकाली काढलेल्या वस्तूंची पिशवी दारापाशी येते आणि महिनाभर तिथेच राहते. कारण ती कुठे जाणार हे आधी ठरलेलं नसतं. म्हणून उपसायला घेण्याआधीच बाहेरच्या वाटा ठरवून ठेवा. कागद आणि पुठ्ठा रद्दीवाल्याकडे. फुटकी बादली, वाकलेली कढई, लोखंडी सांगाडे भंगारवाल्याकडे. ठीकठाक कपडे, दारावर बोहारीण येत असेल तर तिच्याकडे. शहरांत 'गूंज'सारख्या संस्थांची जुने कपडे घेणारी केंद्रंही आहेत. फक्त एक लक्षात ठेवा: जो कपडा आपण कुणासमोर घालणार नाही तो दान करायचा नाही, त्याची फडकी करायची. जुने मोबाइल, चार्जर, फुगलेल्या बॅटऱ्या भंगारात द्यायच्या नाहीत. त्या उघड्यावर जाळल्या किंवा फोडल्या जातात, आणि ते करणाऱ्यांच्या फुप्फुसात धूर जातो. देशात एप्रिल २०२३पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू आहेत. अधिकृत ई-कचरा केंद्र किंवा पालिकेची संकलन मोहीम गाठावी.

आहेराच्या साड्या आणि ब्लाऊजपीस हा स्वतंत्र विषय आहे. काही ब्लाऊजपीस तर शिवलेच जात नाहीत, एका ओटीतून दुसऱ्या ओटीत फिरत राहतात. त्यांच्यासाठी कपाटात एकच पिशवी ठेवायची. पिशवी भरली की पुढचं हळदीकुंकू त्यातूनच करायचं. मर्यादा पिशवीची, आपल्या मनाची नव्हे. म्हणून तिच्यावर वाद होत नाही. श्रीखंडाच्या डब्यांचंही तसंच. एका फळीवर मावतील तेवढे.

आणि दुसऱ्याची वस्तू त्याला न विचारता काढायची नाही. यात सवलत नाही, मुलाचं तुटकं खेळणं असलं तरी नाही. विचारण्याची पद्धत मात्र बदलता येते. "आई, ही पितळी घागर टाकू का?" याला "नको" हेच उत्तर येणार. "आई, ही घागर कुणाला द्यावी असं तुम्हाला वाटतं?" असं विचारलं तर त्या चार नावं घेतील, त्या घागरीची गोष्ट सांगतील, आणि कदाचित म्हणतील, "धाकटीला दे, तिला हवी होती." कदाचित घागर घरातच राहील आणि तिच्यात मनीप्लांट लागेल. तोही निर्णयच झाला.

वस्तू लावण्याचं शास्त्र तसं सोपं आहे. जपानी कारखान्यांत, विशेषतः टोयोटासारख्या कंपन्यांत, पाच शब्दांची एक पद्धत रुळली: सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके. नको ते काढणं, हवं ते जागेवर लावणं, स्वच्छ करणं, हीच पद्धत कायम करणं आणि ती अंगवळणी पाडणं. त्यातला क्रम महत्त्वाचा आहे. आपण बाजारातून आधी प्लास्टिकचे सुबक डबे आणतो आणि त्यात नको असलेल्या वस्तू नीट लावून ठेवतो. आधी काढायचं, मग जे उरेल ते मोजून डबे घ्यायचे. बहुतेक वेळा घरात असलेलेच पुरतात.

जागा ठरवताना कमरेपासून डोळ्यांपर्यंतचा पट्टा रोजच्या वस्तूंना द्यावा. जड वस्तू खाली, वर्षातून एकदा लागणाऱ्या वर. चहाचा डबा, साखर, गाळणं, आलं किसायची किसणी एकाच हाताच्या अंतरावर हवं. रोज दोनदा पावलं वाचतात. माळ्यावरच्या खोक्यांवर मार्करने मोठे आकडे घालावेत आणि कुठल्या आकड्यात काय आहे याची यादी कपाटाच्या दाराला आतून चिकटवावी. गणपतीच्या मखराचं सामान शोधायला मग सगळी खोकी उतरवावी लागत नाहीत. आपल्या दमट हवेत पुस्तकं आणि रेशमी कपडे भिंतीला चिकटवून ठेवू नयेत, बुरशी आणि कसर दोन्ही लागतात. जरीच्या साड्या सुती कापडात गुंडाळाव्यात आणि अधूनमधून घडी बदलावी, नाहीतर घडीवर जर चिरते. खरेदीखत, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट यांसारखे मूळ कागद एकाच फाइलमध्ये, आणि ती फाइल कुठे आहे हे घरातल्या निदान दोघांना माहीत हवं.

आवरलेलं घर टिकतं ते रोजच्या दहा मिनिटांवर. ती सवय लागायला किती दिवस लागतात? एकवीस दिवसांचा आकडा सगळीकडे फिरतो, त्याला आधार नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात एखादी साधी कृती आपोआप होऊ लागायला मधला आकडा ६६ दिवसांचा आला, आणि माणसामाणसांत तो १८पासून २५४ दिवसांपर्यंत बदलला. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट जास्त धीराची आहे: मधे एखादा दिवस चुकला तरी सवय बसण्यावर फारसा परिणाम झाला नाही. रात्री जेवणानंतर ओटा मोकळा करायचा एक दिवस राहिला म्हणून सोमवारपासून नव्याने संकल्प सोडण्याची गरज नाही. दुसऱ्या दिवशी ओटा मोकळा करावा.

शिवाय घर बघून लाजण्याचं कारण नाही. खुद्द मारी कोंडो यांनी २०२३च्या सुरुवातीला सांगितलं की तिसऱ्या मुलानंतर आपण घर टापटीप ठेवणं जवळजवळ सोडून दिलं आहे आणि मुलांबरोबर वेळ घालवणं आपल्याला जास्त महत्त्वाचं वाटतं. त्या या विषयातल्या जगप्रसिद्ध व्यक्ती आहेत. लहान मुलं, आजारी माणूस किंवा परीक्षा असलेल्या घराने स्वतःसाठी वर्षाला दोनच कप्प्यांचं ध्येय ठेवलं तरी ते योग्यच आहे.

सुरुवात कुठून करावी हे ठरत नसेल तर औषधांच्या डब्यापासून करा. इथे निर्णय औषध कंपनीनेच घेऊन पट्टीवर छापलेला असतो. मुदत संपलेल्या गोळ्या आणि बाटल्या वेगळ्या पिशवीत काढा, संडासात ओतू नका, आणि घरगुती घातक कचरा म्हणून वेगळ्या द्या. वीस मिनिटांचं काम आहे. आणि ज्या अर्ध्या कापलेल्या पट्टीवर तारीखच उरलेली नाही, ती "डोकेदुखीची असेल" म्हणून परत डब्यात ठेवू नका.